मंगळवारच्या आत चार घंटा

मंगळवार, १९ मार्च

तारीख मिळाली! १६ एप्रिल, मंगळवार, सकाळी सहाला दवाखान्यात हजर. उजवा कान. डाव्याचा तर कधीच निकाल लागलाय, त्यात काही घालून उपयोग नाही.

डॉक्टरीणबाई गुणी आहे. तोंड समोर ठेवून बोलते, हात तोंडाशी नेत नाही, घास तोडल्यासारखी वाक्यं नीट तोडते. म्हणाली, "यंत्र बसवलं की माणसांचं बोलणं कळायला लागेल. शिकावं लागेल, वेळ लागेल, पण कळेल." मी ओठांकडे बघतच होते. "पण आत्ता या कानात जे थोडंफार उरलंय ना, ते बहुतेक जाईल."

उरलंय ते काय? खालचे आवाज. ट्रक, मालगाडी, चर्चमधल्या ऑर्गनचे जाडे सूर, दार आपटलेलं. वरचे सगळे गेले. तिने आलेख दाखवला – रेघ जरा वेळ नीट चालते आणि मग कड्यावरून उडी मारते. बोलणं त्या कड्याच्या पलीकडे पडलंय. म्हणून ऑपरेशन करायचंच. गेल्या नाताळात नातू काहीतरी सांगून पोट धरून हसला आणि मी पण खोटंखोटं हसले – तेव्हाच ठरवलं होतं.

जोआनला फोनवर लिहून कळवलं. पोरीने सतरा लाल बदाम पाठवले.

पण पार्किंगमध्ये गाडीत बसले आणि एकदम डोक्यात आलं – घंटा! आमच्या टेलिफोन एक्सचेंजच्या, बिघाड सांगणाऱ्या घंटा! तीस वर्षं मुक्या आहेत. त्या ऐकायच्या. माझ्या स्वतःच्या कानाने, १६ तारखेच्या आत. चारही!

बुधवार, २० मार्च

झोप कसली. पहाटेच कागद घेऊन बसले.

एक – म्हातारी. बॅटरीच्या खोलीची. परातीएवढी पितळी घंटा, आवाज पोटात जाणारा. ती वाजली की सगळे धावायचे.

दोन – जोडी. दोन नळ्या, उंच-खाली, उंच-खाली. मोठा बिघाड, शेकडो फोन बंद.

तीन – ठोक्या. बाहेरगावच्या तारांचा. एकच ठोका, मग विचार केल्यासारखा थांबणार, मग परत एक.

चार – चिमणी. माझी चिमणी! किरकोळ बिघाड, कुठेतरी एक फ्यूज उडालेला. छोटीशी, बारीक आवाजाची. आमच्या खोलीत स्विचांचा एवढा खडखडाट की गारा पडतायत वाटावं, त्यात ती एकदाच "टिंग" म्हणायची. एकवीस वर्षांची होते मी. त्या मजल्यावर आलेली पहिली बाई. पुरुषमंडळी माझ्याकडे बघून भुवया उडवायची – ही टायपिंगला आलीय का? आणि मग चिमणी वाजायची आणि त्यांच्यातल्या एकालाही ऐकू यायची नाही, मला यायची! मी उठायचे, रांगेच्या टोकाला पांढरा दिवा लागलेला असायचा, फ्यूज बदलायचा, परत येऊन बसायचं. आठवड्याभराने भुवया खाली आल्या. महिन्याने 'खरंच वाजली का' अशी डोनटची पैज लावायला लागले. सोळा वर्षं मला डोनट विकत घ्यावा लागला नाही.

शनिवार, २३ मार्च

संग्रहालयात गेले. संग्रहालय म्हणजे आमचंच एक्सचेंज, दुसरा मजला. १९८९ मध्ये नवी यंत्रं शेजारच्या इमारतीत गेली आणि जुनी इथंच राहिली, कारण उचलायला कुणी तयार नव्हतं. आता दर शनिवारी आम्ही तीन म्हातारे उघडतो. आठवड्याला चार माणसं येतात. त्यातली दोन संडास शोधत आलेली असतात.

ऑर्व्हिल टिवाइट, वय ब्याऐंशी – तेव्हाचा आमचा मुकादम, आता आमचा काहीच नाही, पण त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही. मिलार्ड ओस्बी, चौऱ्याहत्तर – बॅटरीवाला.

मी धडाधडा सांगून टाकलं. ऑपरेशन, तारीख, घंटा. ऑर्व्हिल काहीतरी लांबलचक बोलला. मिशी हलली एवढंच दिसलं.

"ऑर्व्हिल, ती मिशी काप! मला तुझा एक शब्द कळत नाही!"

त्याने खिशातून पेन्सिल काढून लिहिलं – "१९६४ पासून आहे."

"आणि माझा कान १९५२ पासून होता!"

मिलार्ड इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. मिलार्डचं तोंड वाचायला सोपं. तो म्हणाला, "वायरी तोडल्यात गं बर्नी. नव्वद साली माल हलवणाऱ्यांनी कातरीने छाटल्या. त्यांना काय माहीत."

"मग जोड!"

"तीन आठवड्यांत?"

"सव्वातीन!"

मंगळवार, २६ मार्च

ऑर्व्हिल दारात उभा. मी ओळखलंच नाही! मिशी नाही! वरचा ओठ उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा. पंचावन्न वर्षांनी ऊन लागलं त्याला.

"बायको विचारतेय, घरात कोण घुसलंय," म्हणाला. एकेक शब्द कळला! मी त्याला मिठीच मारली. अवघडला बिचारा.

गुरुवार, २८ मार्च

म्हातारी जागेवर आहे, ठोक्या आहे. जोडीची एक नळी भिंतीवर आहे, दुसरी तळघरात सापडली, कुणीतरी तिच्यावर ओला मॉप वाळत घातला होता. मिलार्ड वायरी शोधतोय. छताशी शिडीवर चढतो आणि मी खाली शिडी धरून ओरडते. मी किती जोरात ओरडते ते मला कळत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

चिमणी नाही. भिंतीवर तिच्या दोन स्क्रूंची भोकं तेवढी आहेत.

शनिवार, ३० मार्च

आज ऑर्व्हिलने सकाळी आल्या आल्या बिघाडवही उघडून लिहिलं – "संडासातला दिवा गेला." वेळ टाकली, सही केली. मी म्हटलं, "अरे, आता कुणासाठी लिहितोस?" तर माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी चर्चमध्ये शिटी वाजवली.

त्याचा नियमच तो. घंटा जो बंद करील, बिघाड त्याचा. नंतर कुणावर ढकलायचा नाही. वेळ, काय झालं, काय केलं, आद्याक्षरं. आणि घंटा दुसऱ्यांदा वाजता कामा नये! बटण दाबून आवाज बंद करायचा, मग शोधायला लागायचं. मी नवी असताना एकदा घंटा चारदा वाजेपर्यंत मख्खासारखी उभी राहिले तर हा मागून म्हणाला, "नाचायचंय का तुला तिच्यावर?" कुठली घंटा ते नाही आठवत. कानाची पाळी किती लाल झाली ते आठवतं.

चिमणीबद्दल कुणालाच काही माहीत नाही. १९८९ च्या शेवटच्या दिवशी ज्याने त्याने काही ना काही घरी नेलं. मी स्टूल नेलं. कबूल करते.

मंगळवार, २ एप्रिल

सापडली! सापडली! सापडली!

अर्मा फेअरचाइल्डकडे! आमच्या गॉर्डनची विधवा. तिने ती घरच्या दाराची घंटा म्हणून लावलीय! गॉर्डनने शेवटच्या दिवशी कोटाच्या खिशात घालून नेली, आणि हा माणूस दर रविवारी चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवायचा! मिलार्ड तिच्याकडे बटाट्याच्या पोळ्या घ्यायला गेला होता. बटण दाबलं आणि जागीच खिळला म्हणे. मग आणखी सहा वेळा दाबलं. अर्मा लाटणं घेऊनच बाहेर आली.

बुधवार, ३ एप्रिल

अर्मा देत नाही. "गॉर्डन गेल्यापासून घरात तोच एक आवाज आहे," म्हणाली. हे मी ऐकलं – म्हणजे बघितलं.

मी तिच्या दारात उभी राहिले आणि स्वतः बटण दाबलं. काही नाही. भिंतीला कान लावला. काही नाही. अर्मा आतून बघत होती. तिने मला आत बोलावलं, कॉफी दिली, माझा हात धरून नीट समोर बसली आणि म्हणाली, "पंधरा दिवस. शनिवारी घेऊन जा. पण तोवर मला दुसरी काहीतरी लावून द्या, टपालवाला दार बडवतो."

मला ऐकू आली नाही याचं काही नाही. घराच्या भिंतीत आवाज मरतो. एक्सचेंजची खोली उंच आहे, फरशी आहे, तिथे वेगळी वाजते. वेगळीच वाजते.

शुक्रवार, ५ एप्रिल

श्रवणचाचणी, ऑपरेशनच्या आधीची शेवटची. चाचणी घेणाऱ्या मुलीला चिमणीचं सांगितलं. मिलार्डकडून आवाजाची मापं लिहून नेली होती. तिने मापं बघितली, आलेख बघितला, आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले. फार गोड पोरगी. "बर्नाडीन, मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. बाकीच्या तीन ऐकू येतील. ही नाही येणार."

बघू.

(खरं सांगायचं तर गाडीत रडले. तीन ऐकून काय करू? त्या सगळ्यांनाच यायच्या. चिमणी मला यायची.)

शनिवार, ६ एप्रिल

चिमणी घरी आली! रुमालात गुंडाळून मांडीवर धरून आणली. केवढीशी आहे! मला मोठी आठवत होती. ऑर्व्हिलने अर्माकडे त्याच्या घरची नाताळची घुंगरांची माळ लावून दिली.

स्क्रू बरोबर त्याच भोकांत बसले.

मंगळवार, ९ एप्रिल

आज म्हातारीला वीज दिली. मिलार्डने मला बाहेर काढलं! "शनिवारी. चारही एकदम. आज आम्ही फक्त जोडण्या तपासतोय." जिन्यात बसवलं, तरी जिन्याच्या कठड्यातून काहीतरी हाताला लागलं. मी कठडा दोन्ही हातांनी धरून बसले. वाजतेय! तीस वर्षांनी वाजतेय!

गुरुवार, ११ एप्रिल

बर्फ. एप्रिलमध्ये! हातभर. गावातला निम्मा रस्ता बंद. शनिवारचं काय होणार म्हणून जीव टांगणीला. रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या करायला घेतल्या, हाताला काम हवं. जोआन रविवारी रात्रीपर्यंत पोहोचते म्हणतेय.

शुक्रवार, १२ एप्रिल

मिलार्डचा निरोप – "चिमणी वाजली. एकदम झकास. उद्या दोनला ये."

उद्या!

शनिवार, १३ एप्रिल

सगळं लिहून काढते, एकही गोष्ट सुटायला नको.

दोन वाजता पोहोचले. रस्ता साफ. वड्यांचा ट्रे घेऊन. ऑर्व्हिलने टाय लावला होता! मिशीशिवाय आणि टायसह – मतं मागायला आल्यासारखा दिसत होता. मला तिसऱ्या रांगेच्या टोकाला उभं केलं, माझ्या जुन्या जागेवर, बंद करायच्या बटणाशेजारी. मिलार्ड पलीकडे फ्यूजच्या फळीपाशी. तो खोटे बिघाड करणार होता.

मिलार्डने हात वर केला. खाली आणला.

म्हातारी! तळपायातून आली, बरगड्यांत शिरली, आणि मग कानात – कानात! – जाड, पितळी, खरीखुरी. आणि बंद!

गेला, मला वाटलं. कान आत्ताच गेला, मंगळवारची पण वाट बघितली नाही. मिलार्डकडे बघितलं तर तो फळीला टेकून हसतोय. खाली बघितलं – माझा हात बटणावर! मीच बंद केली होती! एक ठोका पडला आणि हात आपोआप गेला, मला न विचारता! तीस वर्षं वाट बघितली आणि एका सेकंदात गळा दाबला!

"परत!" मी ओरडले. हात मागे बांधून उभी राहिले. मिलार्डने परत लावली. एक ठोका – बंद! या वेळी ऑर्व्हिल! माझ्या खांद्यावरून हात घालून त्याने बटण दाबलं होतं आणि स्वतःच्याच हाताकडे असा बघत होता, जसा तो शेजाऱ्याचा हात आहे.

"मुकादम! नाचू दे की जरा मला तिच्यावर!"

मग मिलार्ड आला आणि आमची व्यवस्था लावली. ऑर्व्हिलला माझ्या चोरलेल्या स्टुलावर (हो, परत आणलंय) स्वतःच्या दोन्ही हातांवर बसवलं. माझ्या दोन्ही हातांत वड्यांचा ट्रे दिला. "सांडल्यास तर बघ," म्हणाला.

आणि मग वाजू दिल्या.

म्हातारी अकरा ठोके. मोजले. चौथ्या ठोक्याला हात इतका शिवशिवला की एक वडी घसरली.

जोडी. खालची नळी पूर्ण आली. वरची फक्त एक ठिपका, एक टोक. पण आली. उंच-खाली, उंच-खाली. मला १९७८ चं वादळ आठवलं, सगळं गाव बंद पडलेलं आणि आम्ही सहाजण गुडघाभर पाण्यात जाऊन तळघरातल्या तारा सोडवत होतो.

ठोक्या. एक. थांबला. मी श्वास धरला. एक. तसाच आहे चिक्कू, अजून तसाच थांबतो.

मग मिलार्डने माझ्याकडे बघितलं आणि फळीवरचा शेवटचा फ्यूज काढला. रांगेच्या टोकाला पांढरा दिवा लागला. मी डोळे मिटले.

टिंग.

ऐकली! ऐकली मी! अगदी स्वच्छ! डोक्याच्या डाव्या बाजूला थोडी वर, जिथे ती नेहमी असायची. बारीक, गोड, आणि शेवटी तो किंचित कापरा सूर, जो पातळ धातूला येतो. आलेख गेला खड्ड्यात! गोड पोरगी गेली खड्ड्यात! सदुसष्ट वर्षांच्या कानाने ऐकली!

"ऐकली!" मी ओरडले. केवढ्याने ओरडले देव जाणे. डोळे उघडले तर मिलार्ड खिडकीकडे तोंड करून उभा, रुमाल शोधत. ऑर्व्हिल हातांवर बसलेला, बुटांकडे बघत. ही माणसं! पन्नास वर्षांत मी यांना रडताना बघितलेलं नाही. मग ऑर्व्हिल उठला, वडी उचलली, खाल्ली, आणि म्हणाला, "डोनट तुझा."

आता मंगळवार येऊ दे. सगळं मिळालं. चारच्या चार.

रविवार, १४ एप्रिल

झावळ्यांचा रविवार, चर्चमध्ये झावळ्या वाटल्या. प्रवचन अर्थातच कळलं नाही, पण मी सबंध वेळ हसत होते. पाद्रीबाईंना वाटलं त्यांचंच काहीतरी भलतं झालंय.

अजून आहे ती. मनात आणलं की येते.

जोआन रात्री पोहोचली. मला चिमणीचं सांगताना बघून म्हणाली, "आई, तू किती वर्षांनी अशी दिसतेयस."

सोमवार, १५ एप्रिल

किल्ली ठेवायला संग्रहालयात गेले, आता महिना-दोन महिने जाणं नाही. सोमवारी बंद असतं, कुणी नव्हतं. बिघाडवही टेबलावर उघडीच होती. ऑर्व्हिलचं अक्षर.

"शनि. १३ एप्रिल, दु. २.४०. रांग तीन, किरकोळ बिघाड. दिवा लागला. चिमणी वाजली नाही. कॉइल जळलेली. गॉर्डनने घरच्या विजेसाठी बदललेली, सोळा व्होल्टची; इथल्या अठ्ठेचाळीसवर जोडली गेली. शुक्रवारी वाजली तेव्हाच भाजली असणार. – ऑ. टि." त्याखाली मिलार्डचं – "जोडणी माझी. चूक माझी. – मि. ओ."

तीनदा वाचलं. स्टुलावर बसले. तोंडाने दोघंही बोलले नाहीत, कधी बोलणारही नाहीत. पण वहीत खोटं लिहिता आलं नाही त्यांना.

म्हणजे शनिवारी खोलीत काहीच वाजलं नव्हतं. आणि मला आली – कापऱ्या सुरासकट. कानात नव्हतीच ती! उद्या कानाचं काय करायचं ते करा म्हणावं, तिच्यापर्यंत त्यांचा हात पोहोचायचा नाही. एकटीच मोठमोठ्याने हसले आणि रडले, दोन्ही.

मग पेन घेतलं आणि मिलार्डच्या खाली लिहिलं – "ऐकू आली. – ब. ह."